अप्रॅक्सिया : तोंडी सूचना थांबवा, वस्तू मांडून ठेवा

पक्षाघातानंतर घरी आलेल्या माणसाच्या हातात ताकद आहे, त्याला समजतंय सगळं, तरी तो टूथब्रश केसांतून फिरवतो. घरचे म्हणतात, "अहो बाबा, ब्रश आहे तो! दात घासा!" बाबा ब्रशकडे बघतात, हात तोंडापर्यंत नेतात, तिथे थांबतात आणि पुन्हा केसांकडे वळतात. आवाज चढतो. बाबांच्या डोळ्यांत पाणी येतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी म्हणून घरोघरी जाते तेव्हा हे दृश्य मला वारंवार दिसतं. बहुतेक घरांत त्याला हट्ट, आळस किंवा "डोक्यावर परिणाम झालाय" अशी नावं मिळालेली असतात.

त्याचं खरं नाव अप्रॅक्सिया. वर्षानुवर्षं सवयीची असलेली हालचाल जुळवून आणणारी मेंदूची व्यवस्था बिघडलेली असते. स्नायू शाबूत, समज शाबूत, पण "काय करायचं" आणि "हात कसा हलवायचा" यांमधला दुवा तुटलेला. बहुतेकांच्या बाबतीत इजा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, म्हणून उजवा हात-पाय लुळा पडणं आणि बोलण्यात अडथळा येणं हेही सोबत असतं. मात्र अप्रॅक्सिया डाव्या, म्हणजे चांगल्या हातातही उतरतो. घरच्यांची फसगत नेमकी इथेच होते. "डावा हात तर धडधाकट आहे, मग का करत नाहीत?"

हा लेख पक्षाघातानंतर मोठ्या माणसांना होणाऱ्या अप्रॅक्सियाबद्दल आहे. लहान मुलांमधल्या वाचेच्या अप्रॅक्सियाची पद्धत वेगळी असते, ती इथे नाही.

## टप्पा १ : अडचण नेमकी कुठे आहे ते बघा

निदान डॉक्टर आणि थेरपिस्ट करतील. पण घरी काय बघायचं हे ठाऊक असलं की त्यांनाही नेमकी माहिती देता येते. एका शांत सकाळी चांगल्या हाताकडून तीन गोष्टी करून बघा.

1. वस्तू न देता सांगा, "कंगव्याने केस कसे विंचरता, दाखवा." काही जण कंगवा धरल्यासारखी मूठ न करता बोटंच केसांतून फिरवतात. म्हणजे बोटांचाच कंगवा होतो.
2. आता काही न बोलता तुम्ही स्वतः ती कृती करा आणि त्यांना नक्कल करू द्या.
3. मग खराखुरा कंगवा हातात द्या. आरशासमोर, रोजच्या वेळी, रोजच्या जागी.

पहिल्यात पूर्ण गोंधळ, दुसऱ्यात थोडा आणि तिसऱ्यात जवळपास जमलं, तर सांगून होत नाही पण वस्तू आणि जागा मिळाली की होतं, एवढं कळतं. पुढची सगळी पद्धत यावरच उभी आहे. तिसऱ्यातही कंगव्याचा वापर चुकला किंवा क्रम उलटापालटा झाला, तर अडचण जास्त खोल आहे आणि हात धरून शिकवावं लागेल.

एका आजोबांना मी नमस्कार करायला सांगितलं. डावा हात हवेत गेला, बोटं वाकली, परत मांडीवर आला. तीनदा तसंच. तेवढ्यात शेजारच्या वहिनी दारात आल्या आणि आजोबांचा हात आपसूक छातीशी गेला, मानही लवली. घरचे म्हणाले, "बघा, येतंय की! आपल्यालाच करून दाखवत नाहीत." खरं तर हेच अप्रॅक्सियाचं लक्षण. आपोआप घडणारी हालचाल होते, मुद्दाम करायला गेलं की हरवते.

तपासा : हे सगळं हळूहळू, महिनोन्‌महिने वाढत गेलं असेल तर ते पक्षाघातामुळे नसण्याची शक्यता मोठी आहे. न्यूरॉलॉजिस्टकडे जा, हा लेख पुरेसा नाही.

सावधान : अचानक नव्याने तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोलणं अडखळणं असं काहीही दिसलं तर "अप्रॅक्सिया असेल" म्हणून थांबू नका. 108 ला फोन करा. तो नवा पक्षाघात असू शकतो, आणि मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

## टप्पा २ : शिकवायला बसण्याआधीची तयारी

लोक सगळ्यात जास्त हाच टप्पा गाळतात. डिस्चार्ज मिळतो आणि दुसऱ्या दिवसापासून दात, अंघोळ, कपडे, पोथी वाचणं, सगळं एकदम सुरू होतं. आठवड्याभरात घरचे आणि पेशंट दोघेही थकतात.

तीन दिवस नुसतं बघा. एक वही घ्या. कुठल्या कामात, कुठल्या क्षणी हात अडकतो तेवढंच लिहा. "ब्रश नीट उचलतात, पेस्टची ट्यूब तोंडात घालतात" ही नोंद "दात घासता येत नाहीत" यापेक्षा शंभर पटीने उपयोगी आहे.

एकच काम निवडा. रोज होणारं, पेशंटला स्वतःला हवं असलेलं आणि धोका नसलेलं. चहा करणं नको, तोंड धुणं चालेल. अप्रॅक्सियात एक काम शिकलं म्हणून दुसरं आपोआप येत नाही. चमचा जमला म्हणून कंगवा जमेल असं गृहीत धरू नका. निवड विचारपूर्वक करायची ती यासाठीच.

जागा आणि वस्तू ठरवा, मग बदलू नका. तोच ब्रश, त्याच रंगाचा मग, तीच खुर्ची, तीच वेळ. ऑफर मिळाली म्हणून वेगळ्या झाकणाची पेस्ट आणली आणि दोन आठवड्यांची मेहनत वाया गेली, असं मी पाहिलं आहे.

नको त्या वस्तू नजरेआड करा. बेसिनवर दाढीचा ब्रश, कंगवा, टूथब्रश, तेलाची बाटली आणि दंतमंजन हे सगळं एकत्र असेल तर हात चुकीच्या वस्तूकडे जाणारच. त्या वेळी लागते तेवढीच वस्तू समोर हवी.

घरातल्या सगळ्यांची पद्धत एक करा. सकाळी सून एका क्रमाने, संध्याकाळी मुलगा दुसऱ्या क्रमाने असं झालं तर काहीच रुजत नाही. क्रम कागदावर लिहून बाथरूमच्या दाराला आतून चिकटवा. तो कागद पेशंटसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

सावधान : गॅसचं बटण, ब्लेड, सुरी, गिझरचा गरम नळ आणि औषधांच्या पट्ट्या पहिल्या दिवसापासून त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा. वस्तू ओळखता येते याचा अर्थ ती नीट वापरता येते असा नाही.

## टप्पा ३ : कामाचे तुकडे पाडा

दात घासण्याचंच उदाहरण घेऊ. आपल्याला ते एक काम वाटतं, पण मोजलं तर नऊ आहेत.

1. बेसिनसमोर खुर्चीत बसणं, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले
2. ब्रश उचलणं
3. पेस्ट लावणं
4. ब्रश तोंडापर्यंत नेणं
5. घासणं
6. थुंकणं
7. चूळ भरणं
8. ब्रश धुऊन जागेवर ठेवणं
9. तोंड पुसणं

आता तुमच्या वहीशी ताडून बघा. नऊपैकी कुठे अडतं? बहुधा तीन, पाच आणि सहा. मग बाकीच्या सहांत शिकवण्यासारखं काही नाही, ते त्यांना करू द्या.

पेस्टचं काम एका हाताने तसंही कठीण. ओला नॅपकिन घडी करून ठेवा आणि त्यावर ब्रश आडवा ठेवा, म्हणजे घसरत नाही. पहिले काही आठवडे पेस्ट तुम्हीच लावून ठेवा. यात कमीपणा नाही. सगळी शक्ती घासण्यावर खर्च व्हायला हवी.

थुंकणं हा वेगळाच त्रास. "थुंका" म्हटलं की ओठ घट्ट मिटतात. चेहऱ्याच्या आणि तोंडाच्या हालचालींचाही अप्रॅक्सिया असतो, म्हणून "फुंकर मारा" म्हटल्यावर फुंकर येत नाही, पण गरम चहावर तीच फुंकर आपसूक मारली जाते. हळूच मान पुढे झुकवून हनुवटी खाली आणा, म्हणजे फेस आपोआप बाहेर येतो. पेस्ट वाटाण्याएवढीच लावा, गिळली तरी बिघडत नाही.

तपासा : पाणी प्यायल्यावर ठसका लागतो का, आवाज ओलसर, घरघरल्यासारखा होतो का? तसं असेल तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत चूळ भरायला देऊ नका. ओल्या फडक्याने तोंड पुसून घ्या.

## टप्पा ४ : हात धरून शिकवा, चूक घडू देऊ नका

"करू दे चुका, चुकूनच शिकेल" हे सायकलला लागू असेल, इथे नाही. अप्रॅक्सियात चुकीची हालचाल दोन-तीनदा झाली की तीच पक्की होते आणि पुढच्या वेळी आधी तीच येते. म्हणून सुरुवातीला पूर्ण आधार द्यायचा आणि मग तो थोडा थोडा काढायचा.

उभं कुठे राहायचं? समोर नाही. समोरून दाखवलं की डावं-उजवं उलटं होतं आणि नक्कल करणं तर आधीच बिघडलेलं असतं. त्यांच्या चांगल्या हाताच्या बाजूला, जरा मागे उभे राहा. तुमचा आणि त्यांचा हात एकाच दिशेने चालला पाहिजे.

हात कसा धरायचा? त्यांच्या हातावर आपला हात ठेवा. ब्रश त्यांच्या मुठीत, त्यांची मूठ तुमच्या मुठीत. सावकाश उचला, तोंडापर्यंत न्या, पहिले चार-पाच वेळा एकत्र घासा. बोलू नका. फार तर सुरू करताना एकच शब्द : "दात."

हालचाल चुकीकडे वळली तर? "नाही, नाही" म्हणू नका. हात अलगद थांबवा, सुरुवातीच्या जागी परत आणा, एक श्वास जाऊ द्या आणि पुन्हा सुरू करा. अर्ध्यातून दुरुस्त करू नका, अर्ध्यातून केलेली दुरुस्ती त्यांच्या हाताला कळत नाही.

आधार काढायचा क्रम : आधी मुठीवरून मनगटावर, मग कोपराखाली. त्यानंतर काम सुरू करताना नुसता स्पर्श आणि शेवटी फक्त शेजारी उभं राहणं. एका पायरीवर सलग तीन दिवस चूक झाली नाही की पुढे जा, हा माझा ठोकताळा. चूक झाली तर एक पायरी मागे या. मागे येणं म्हणजे अपयश नव्हे.

दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटं पुरे. फिजिओथेरपी झाल्यावर लगेच शिकवायला बसू नका. थकलेल्या मेंदूतून जुनी चूक हमखास बाहेर येते.

सावधान : लुळा हात ओढून वर करू नका. खांदा निखळण्याचा धोका असतो आणि एकदा खांदा दुखू लागला की माणूस सगळ्यालाच नकार देतो.

एक काम संपलं की थांबा. ब्रश झाल्यावर लगेच कंगवा दिला तर डोक्यावर दात घासल्यासारखी हालचाल सुरू होते. आधीची हालचाल हाताला चिकटून राहते. आधीची वस्तू उचलून ठेवा, दोन मिनिटं बसू द्या, गप्पा मारा, मग पुढचं काम.

## टप्पा ५ : कपडे, अंघोळ, जेवण

कपडे. पुढून उघडणारा, सैल शर्ट घ्या. बंद सदरा नको, हात गळ्यातून बाहेर येतो. लुळ्या हाताच्या बाहीला आतून लाल दोरा टाका. घालताना आधी लुळा हात खांद्यापर्यंत, मग चांगला. काढताना उलट, आधी चांगला. इथे शेवटच्या तुकड्यापासून शिकवलेलं बरं पडतं. बाकी सगळं तुम्ही हात धरून करा, पण शेवटचं बटण त्यांनी लावायचं. दुसऱ्या आठवड्यात शेवटची दोन. प्रत्येक वेळी काम त्यांच्या हातून पूर्ण होतं, आणि त्याने माणसाच्या चेहऱ्यात पडणारा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. साडी नेसणाऱ्या आजींना काही महिने गाऊन द्या. निऱ्यांचा हट्ट आत्ता नको.

अंघोळ. बादली भरून, पाणी मिसळून तयार ठेवा, मगच त्यांना आत न्या. पाठीला टेक असलेलं प्लॅस्टिकचं स्टूल आणि पायाखाली रबरी पायपुसणं हवं. समोर फक्त मग. साबण नंतर हातात द्या, नाहीतर कोरड्या अंगालाच लावला जातो किंवा पाण्याचा मग समजून बादलीत बुडवला जातो. जुन्या मोज्यात साबण घालून दिला तर निसटत नाही. एकाच खांद्यावर पाणी ओतत राहिले तर हात धरून दुसऱ्या खांद्याकडे न्या.

जेवण. आपल्या घरांतला खरा अडसर इथे येतो. उजवा हात लुळा, आणि डाव्या हाताने जेवायचं नाही हा आयुष्यभराचा संस्कार. सांगलीकडच्या एका आजींनी डाव्या हाताने घास घेण्यापेक्षा उपाशी राहणं पसंत केलं होतं. घरच्यांना वाटलं अप्रॅक्सिया बळावला. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी शेजारी बसून स्वतः डाव्या हातात चमचा घेतला, तेव्हा आजी जेवल्या. संकोच आणि अप्रॅक्सिया वेगवेगळे ओळखा. घरातल्या ज्या माणसाचा शब्द मानला जातो, त्याने हे बोलावं.

ताटात एका वेळी एकच पदार्थ वाढा. चपाती आधीच तुकडे करून वरणात कुस्करा. ताटाला कड हवी, ताटाखाली ओलं फडकं. चमचा हातात ठेवून पहिला घास एकत्र तोंडापर्यंत न्या, पुढचे बहुधा आपोआप होतात. टीव्ही बंद. लुळा हात मांडीवरून लोंबू देऊ नका, ताटाशेजारी टेबलावर ठेवा.

तपासा : घास गालात साठतोय का? प्रत्येक दोन-तीन घासांनंतर बघा.

## टप्पा ६ : बोलणं

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा. शब्दच आठवत नाही किंवा ऐकलेलं कळत नाही, तो अफेजिया. स्नायू ढिले पडल्याने सगळंच बोलणं कायम बोबडं येतं, तो डिसार्थ्रिया. आणि शब्द माहीत आहे, पण ओठ-जीभ जागा शोधत चाचपडतात आणि बऱ्याचदा चूक वेगवेगळी होते, तो वाचेचा अप्रॅक्सिया. "कपाट"चं एकदा "पकाट", एकदा "टपाक", आणि मध्येच रागाच्या भरात स्वच्छ "कपाट!" शब्द लांबला की त्रास वाढतो. पण एक-दोन-तीन, वार, पाढे, रोजची आरती मात्र सरळ येते. पुष्कळ लोकांत तिन्ही मिसळलेले असतात. ते सोडवणं स्पीच थेरपिस्टचं काम आहे. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणाच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि कुठल्याही स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका.

घरी करायचं ते असं :

1. समोर बसा, प्रकाश तुमच्या तोंडावर पडू द्या. हात धरताना समोर नको, पण बोलताना समोरच, कारण त्यांना तुमचे ओठ दिसायला हवेत.
2. पाच शब्द निवडा. घराला लागतील असे : पाणी, नको, बास, दुखतं आणि नातवाचं घरातलं नाव.
3. सोबत म्हणा. हळू, सूर लांबवून, त्यांच्या मांडीवर अक्षरागणिक थाप देत : पा–णी.
4. सोबत जमलं की तुमचा आवाज काढून घ्या, ओठ मात्र हलवा.
5. मग तुम्ही आधी म्हणा, त्यांनी नंतर.
6. शेवटी खऱ्या प्रसंगात वापर. तहान लागायच्या वेळी समोर तांब्या ठेवून "काय हवंय?"

आरती म्हणता येते म्हणून ती रोज म्हणवून घ्या, त्याने माणूस उमेद धरतो. पण आरतीने "पाणी" म्हणता येऊ लागेल असं समजू नका. जिभेचे व्यायाम दिवसभर करून घेण्यापेक्षा तो वेळ खऱ्या शब्दांना द्या, कारण बोलणं बोलूनच सुधारतं.

सावधान : मान हलवून दिलेलं "हो" किंवा "नाही" यावर विसंबू नका. होकाराची मान हलवणं हीसुद्धा एक हालचालच आहे आणि तीही उलटी होऊ शकते. "लिहून दाखवा" म्हणण्यालाही हीच अडचण. दुखतंय का, औषध घेतलं का असल्या प्रश्नांसाठी मोबाईलवर त्यांच्याच वस्तूंचे फोटो काढून मोठे छापून घ्या : त्यांचा पेला, त्यांचा संडास, त्यांचा पलंग, गोळ्यांचा डबा. बोट ठेवलं की पुन्हा एकदा विचारून खात्री करा.

आणि मोठ्याने बोलू नका. त्यांना ऐकू येतं. "आता यांचं काही खरं नाही" हेही ऐकू येतं.

## सगळ्यात जास्त होणाऱ्या चुका

सूचनांची माळ. "उठा, ब्रश घ्या, पेस्ट लावा, नळ सोडा." पहिल्या शब्दानंतरचं सगळं गोंगाट ठरतं.

पाहुण्यांसमोर परीक्षा. "काका, टाटा करून दाखवा ना." मुद्दाम करायला सांगितलेली हालचालच तर हरवली आहे. हे थांबवायची जबाबदारी घरच्यांची.

प्रेमापोटी सगळंच करून देणं. भरवणं, विंचरणं, पुसणं. घाईच्या दिवशी चालेल, पण निवडलेलं एक काम रोज त्यांच्याच हातून झालं पाहिजे.

लवकर सोडून देणं. सुरुवातीच्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, नंतर ती मंदावते, पण सरावाचं फळ त्यानंतरही मिळतं. वहीतली महिन्यापूर्वीची पानं काढून बघा. रोज शेजारी असणाऱ्याला फरक दिसत नाही, वहीत दिसतो.

## टप्पा ७ : घराबाहेर पडताना

घरच्या बाथरूममध्ये जमलेलं काम लेकीच्या घरी जमत नाही. बेसिनची उंची वेगळी, नळ वेगळा, प्रकाश दुसऱ्या बाजूने. हे होणारच, म्हणून घाबरू नका आणि "तिकडे तर करत होतात" म्हणू नका. गावाला निघताना एक पिशवी वेगळी भरा : तोच ब्रश, तीच पेस्ट, तोच मग, तोच चमचा, कड असलेलं ताट, लाल दोऱ्याचे दोन शर्ट, फोटोंचा कागद आणि बाथरूमच्या दारावरचा क्रम. पोचल्यावर पहिल्या सकाळी हात पुन्हा मुठीवर ठेवून सुरुवात करा, घरी तो कोपरापर्यंत आला असला तरीही. दोन-तीन दिवसांत परत खाली येता येतं.